बेल्ह्याच्या बाजारातला चाकू: महाग झाला की स्वस्त?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे मात्र नीट मांडलेत, कारण आकडे ऐकताना निसटतात आणि या भागात ते जरा जास्त आहेत.

प्रश्न अगदी साधा आहे. घडीचा चाकू. पैरणीच्या खिशात किंवा पानाच्या चंचीत बसणारा. काकडी सोलायला, सुतळी कापायला, शेतात बांधावर बसून कांदा चिरायला. आपल्या आजोबांच्या पिढीत जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याकडे असा एक असायचाच. हा चाकू गेल्या साठ-पासष्ट वर्षांत महागाईच्या बरोबरीनं महाग झाला, का मागे पडला, का पुढे पळाला?

तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय झाला? इतिहास म्हणजे शिवनेरी, नाणेघाट, सातवाहन. जुन्नर तालुक्यात राहून चाकूवर कोण बोलतं? पण एका पात्याच्या किमतीत लोखंडाचा इतिहास असतो, मजुरीचा असतो, आणि ते पातं घडवणाऱ्या माणसाच्या घरचाही असतो. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथपर्यंत थांबा.

बाजार सोमवारचा

ज्यांना बेल्हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडं निघालात की आळेफाटा लागतो, आणि तिथून पुढं पूर्वेला बेल्हे. जुन्नर तालुक्याचं हे पूर्वेकडचं टोक. सोमवारी इथं आठवडे बाजार भरतो आणि बैलबाजारासाठी तो लांबलांबपर्यंत ओळखला जातो. बैल आला की त्याच्यामागं सगळं येतं: कासरा, वेसण, घुंगरमाळ, चाबूक. आणि शेतीची हत्यारं. खुरपं, विळा, कोयता, कुऱ्हाड, विळी. त्याच रांगेत कुठंतरी तळवटावर घडीचे चाकू मांडलेले असतात.

नीट बघितलं तर दोन वेगळ्या दुनिया शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. एकीकडं कारखान्यातून आलेला माल. रंगीत प्लास्टिकच्या मुठी, चकचकीत स्टेनलेसची पाती, बऱ्याचदा कोणत्या देशातून आला हेही लिहिलेलं नसतं. दुसरीकडं भट्टी. घिसाडी कुटुंब जमिनीत ऐरण रोवून बसलेलं, पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि बाई उभं राहून घण घालते. पुष्कळ जणांनी हे चित्र बघितलंय, पण थांबून हिशेब कुणी केलेला नसतो. आपण आज तो करू.

आधी महागाई मोजायची कशी ते बघू

"आमच्या वेळी रुपयाला अमुक मिळायचं" हे वाक्य प्रत्येक घरात आहे. ते खरं असतं, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. कारण त्या वेळचा रुपयाही वेगळा होता. म्हणून आपल्याला मोजपट्टी लागते.

भारतात केंद्र सरकारचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी एक ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. महागाई भत्ता वाढला अशी बातमी येते ना, ती याच आकड्यावरून. धान्य, तेल, कपडे, भाडं, प्रवास, दवाखाना अशी एक ठरलेली टोपली धरायची आणि ती भरायला दर महिन्याला किती पैसे लागतात ते बघायचं. ठरावीक वर्षी त्या टोपलीची किंमत १०० धरतात. हे पायाभूत वर्ष अधूनमधून बदलतं: १९६०, मग १९८२, मग २००१, मग २०१६. जुनी मालिका नव्या मालिकेला जोडायला एक गुणक असतो. १९६० वरून १९८२ ला येताना ४.९३, १९८२ वरून २००१ ला येताना ४.६३ आणि २००१ वरून २०१६ ला येताना २.८८.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि माझ्याबरोबर करा. १९६० मध्ये जी टोपली १ रुपयाला भरत होती, ती:

१९८२ मध्ये ४ रुपये ९३ पैसे,
२००१ मध्ये सुमारे २२ रुपये ८३ पैसे,
२०१६ मध्ये सुमारे ६५ रुपये ७४ पैसे.

२०२५ च्या मध्यात २०१६ च्या मालिकेचा निर्देशांक १४५ च्या आसपास होता. म्हणजे आज तीच टोपली साधारण ९५ रुपयांना. थोडक्यात, १९६० पासून किमती सुमारे ९५ पट झाल्या. ही आपली मोजपट्टी. जी वस्तू ९५ पटीपेक्षा कमी वाढली ती खऱ्या अर्थानं स्वस्त झाली, जी जास्त वाढली ती महाग झाली.

एक सूचना लगेच देतो. ही टोपली शहरातल्या कामगाराची आहे, बेल्ह्याच्या शेतकऱ्याची नाही. टोपलीत काय किती हेही बदलत गेलंय. २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्क्यांच्या वर होतं, २०१६ च्या मालिकेत ते ३९ टक्क्यांवर आलं. तरी साठ वर्षांचा अंदाज घ्यायला ही पट्टी पुरेशी आहे.

उलटा हिशेब

आता चाकू. जुन्या चाकूची पावती कुणी जपून ठेवत नाही. बाजारात पावती मिळतच नाही. म्हणून मी उलट्या बाजूनं जातो. आजच्या किमतीवरून मागं.

आज आपल्याकडच्या आठवडे बाजारात साधा घडीचा चाकू पन्नास रुपयांपासून शंभर-सव्वाशेपर्यंत बोलतात. हा घासाघीस करण्याआधीचा भाव. मधला आकडा म्हणून आपण ८० रुपये धरू. ८० ला ९५ नं भागलं की येतात साधारण ८४ पैसे.

म्हणजे काय? चाकूनं महागाईशी अगदी तंतोतंत बरोबरी केली असेल, तर १९६० मध्ये तो ८४ पैशांना मिळायला हवा होता. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पण बाजारात लोक पुढं कितीतरी वर्षं आण्यातच बोलत राहिले. त्या भाषेत ८४ पैसे म्हणजे तेरा आण्यांच्या थोडं वर.

आता हा प्रश्न तुम्ही घरी विचारू शकता. पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेले आजी-आजोबा असतील तर विचारा: साधा घडीचा चाकू तेरा आण्याला यायचा का? ते "एवढा महाग? छे, चार-सहा आण्याला मिळायचा" म्हणाले, तर चाकू महागाईच्या पुढं गेला. "सव्वा-दीड रुपया पडायचा" म्हणाले, तर मागं पडला. आठवणीतला भाव पक्का पुरावा नसतो हे खरं, पण दहा घरांतून दहा उत्तरं आली की अंदाज बऱ्यापैकी येतो.

पण थांबा. आजीला विचारताना एवढ्यावर थांबू नका. आणखी एक प्रश्न विचारा. त्या वेळी रोज किती मिळायचा?

रोजावर मोजा, रुपयावर नको

इथं गोष्ट खरी रंगते.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं शेतमजुरांची देशभर पाहणी केली. पहिली पाहणी १९५०-५१ ची, दुसरी १९५६-५७ ची. दुसऱ्या पाहणीत रोजंदारीवरच्या शेतमजूर पुरुषाची सरासरी मजुरी निघाली दिवसाला ९६ पैसे. बाईची ५९ पैसे. आणि ऐका, पहिल्या पाहणीत हेच आकडे पुरुषाला १०९ आणि बाईला ६८ पैसे होते. म्हणजे त्या पाच-सहा वर्षांत मजुरी वाढण्याऐवजी घटली होती. हे देशाचे सरासरी आकडे आहेत, एकट्या पुणे जिल्ह्याचे नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता त्या ८४ पैशांच्या चाकूकडं बघा. पुरुष मजुराला तो घ्यायला जवळजवळ अख्ख्या दिवसाची मजुरी द्यावी लागली असती. बाईला जवळजवळ दीड दिवसाची.

आज? रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये होता, आणि तो बाई-पुरुष दोघांना सारखा. कांद्याच्या काढणीच्या हंगामात आपल्याकडं याहून जास्त द्यावे लागतात, ते सोडा, सरकारी दरच धरू. ८० रुपयांचा चाकू म्हणजे या रोजाचा चौथा हिस्सा. आठ तासांचा दिवस धरला तर दोन तास.

एका दिवसावरून दोन तास. बाईच्या बाबतीत दीड दिवसावरून दोन तास. आणि हे कधी? चाकूनं महागाईशी पूर्ण बरोबरी केली असं मानलं तर. म्हणजे किमतीच्या पट्टीवर चाकू जागच्या जागी उभा आहे, पण मजुरीच्या पट्टीवर तो कितीतरी स्वस्त झालाय.

कारण सरळ आहे. ९६ पैशांवरून ३१२ रुपये म्हणजे सव्वातीनशे पट. किमती मात्र ९५ पट. दोन्ही आकड्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत तीन-चार वर्षांचा फरक आहे, पण त्यानं चित्र बदलत नाही. पासष्ट-सत्तर वर्षांत मजुरी किमतीपेक्षा साधारण तिपटीनं जास्त पळाली.

म्हणून माझं म्हणणं असं: "महागाईच्या मानानं काय झालं" हा अर्धाच प्रश्न आहे. "किती तास राबल्यावर ही वस्तू मिळते" हा पूर्ण प्रश्न. कांद्याच्या वाफ्यात दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला निर्देशांक माहीत नसतो. तिला आपला रोज माहीत असतो.

पैसा यायच्या आधीची किंमत

जरा आणखी मागं जाऊ. कारण एक काळ असा होता की गावातल्या पात्याला रुपयात किंमतच नव्हती.

बलुतेदारी तुम्ही शाळेत वाचली असेल. लोहार हा बलुतेदार. शेतकऱ्याचं खुरपं शेवटून देणं, विळ्याला दाते पाडणं, नांगराचा फाळ धारेला लावणं हे तो वर्षभर करायचा, आणि सुगीला खळ्यावर त्याला धान्याचा ठरलेला वाटा मिळायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं. त्यात ही सगळी घडी आणि तिच्यातली कुरकुर दोन्ही मांडलेली आहेत.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं बघा. मोबदला धान्यात असला की महागाईचा प्रश्नच मिटतो. ज्वारी महाग झाली तर लोहाराचा वाटाही तेवढाच महाग. आजच्या भाषेत सांगायचं तर महागाई भत्ता आपोआप जोडलेला होता. पण ही व्यवस्था काही सोन्याची नव्हती. दुष्काळ पडला की खळंच भरत नसे, मग वाटा कशातून मिळणार? शिवाय कोण कुठल्या जातीत जन्मला यावर त्याचं काम आणि त्याचा वाटा ठरायचा. बाहेर पडायला वाट नव्हती. महागाईपासून संरक्षण होतं, पण पायात बेडीही होती.

लोखंड कुठून यायचं तेही गंमतीशीर आहे. महाबळेश्वरच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर धावड लोक जांभ्या खडकातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जंगलावर निर्बंध आणले, कोळसा मिळणं अवघड झालं, आणि दुसरीकडून विलायतेचं तयार लोखंड बंदरात उतरायला लागलं. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८६३ ला बोरघाटातून गाडी वर आली, आणि ते लोखंड घाटावर पोचणं सोपं झालं. धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. पातं स्वस्त होण्याची ही पहिली लाट, आणि तेव्हाही किंमत कुणीतरी दुसऱ्यानंच मोजली.

पातं स्वस्त कशानं झालं

स्वातंत्र्यानंतर पोलाद हा सरकारच्या हातातला माल होता. मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचे भाव ठरवून दिलेले असत, वाटपही सरकारी नियंत्रणात. लहान कारागिराला चांगलं पोलाद सरळ मिळणं कठीण. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाच्या किमतीवरचं आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं.

पण खेड्यातल्या भट्टीनं तोवर आपला मार्ग शोधलेला होता. तो मार्ग म्हणजे भंगार. ट्रकच्या चाकावर कमान असते ना, तिचे पाटे. ते स्प्रिंगचं पोलाद असतं, कार्बन चांगला, पाणी दिलं की धार टिकते. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करणं. रस्त्यावर जसजसे ट्रक वाढले तसतसे भंगारात पाटे वाढले. कल्याण-नगर रस्त्यावरून धावून थकलेल्या ट्रकचा पाटा पुन्हा त्याच रस्त्याकडेच्या बाजारात कोयता होऊन विकायला बसतो. याहून चांगला पुनर्वापर मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट आयातीची. ग्राहकांच्या वापरातल्या अनेक वस्तूंच्या आयातीवर भारतात संख्येची मर्यादा असायची. एप्रिल २००१ मध्ये या प्रकारचे उरलेसुरले निर्बंध निघाले. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात यांगजियांग नावाचं शहर आहे, चाकू-कात्र्यांसाठीच ओळखलं जाणारं. तिथं मशीन एका ठोक्याला पातं कापून काढतं. अशा मालाशी हातानं घडवलेल्या घडीच्या चाकूनं किमतीत टक्कर द्यायची म्हणजे सायकलनं एसटीशी शर्यत लावायची.

तिसरी गोष्ट कर. हे ऐकून मी स्वतः दोनदा तपासलं होतं. जीएसटीत हातानं चालवायच्या शेती अवजारांवर, म्हणजे विळा, खुरपं, कुदळ, यांवर कर शून्य. चाकूवर मात्र जुलै २०२२ मध्ये तो १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. एकाच तळवटावर शेजारी पडलेली दोन पाती. एकानं गवत कापायचं, एकानं कांदा. सरकारच्या दृष्टीनं एक शेती, दुसरं चैन नाही म्हणता येणार, पण शेती नक्कीच नाही.

मग तो चाकू तोच आहे का?

इथं कुणीतरी हात वर करणारच: "अहो, पण जुना चाकू वीस वर्षं टिकायचा. आताचा दिवाळीला घेतला की होळीला मूठ हलते."

बरोबर आहे, आणि हा मुद्दा हिशेबात धरायलाच हवा. स्टेनलेस पोलाद इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये पुढं आणलं. गंज चढत नाही हा त्याचा मोठा गुण. पण स्वस्तातलं स्टेनलेस मऊ असतं, धार लवकर जाते. जुनं कार्बनचं पातं काळं पडायचं, लिंबू कापलं तर डाग पडायचे, पण दगडावर दोनदा घासलं की पुन्हा वस्तऱ्यासारखं.

तर समजा, जुना ८४ पैशांचा चाकू १५ वर्षं चालला आणि आजचा ८० रुपयांचा ३ वर्षं. मग आज १५ वर्षांत ५ चाकू लागले, म्हणजे ४०० रुपये. ४०० ला ९५ नं भागा: सव्वाचार रुपये. म्हणजे वर्षामागच्या खर्चात चाकू महागाईच्या पाचपट पुढं गेला! मजुरीच्या पट्टीवर तरी काय? तेव्हा १५ वर्षांसाठी पुरुषाचा एक दिवस, आता सव्वा दिवसाच्या थोडं वर. स्वस्ताई गेली कुठं? टिकाऊपणात विरघळली. टिकण्याची वर्षं मी उदाहरणासाठी धरलीत, तुम्ही तुमच्या घरचे आकडे घालून बघा. पण मुद्दा असा की वस्तू बदलली तर नुसत्या किमतीची तुलना फसवी असते. निर्देशांक काढणाऱ्यांनाही हीच डोकेदुखी असते.

यातूनच धार लावणाऱ्याचं गणित बिघडलं. सायकलवर चाक बसवून "धाऽऽर" अशी आरोळी देत फिरणारा माणूस आता क्वचितच दिसतो. नवा चाकू दोन तासांच्या मजुरीत मिळत असेल तर जुन्याला धार कोण लावणार?

परदेशातलं एक उलटं उदाहरण. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरनं १८९१ मध्ये सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूचं पेटंट घेतलं. आजचा लाल मुठीचा स्विस चाकू तोच. फ्रान्सच्या सव्वा भागातला लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० चा. दोघंही आजतागायत तिथंच बनतात, आणि त्यांच्या देशातली मजुरी देऊनही टिकून आहेत. कसे? मशीन भरपूर, आणि नाव. लोक त्या नावाचे पैसे देतात. आपल्याकडं रामपुरी चाकूला नाव होतं, पण ते सिनेमातल्या गुंडानं खाल्लं. बेल्ह्याच्या बाजारातल्या कोयत्यावर तर घडवणाऱ्याचं नावच नसतं.

आता भट्टीच्या बाजूनं

इथवर आपण विकत घेणाऱ्याच्या बाजूनं बोललो. आता ऐरणीच्या पलीकडं जाऊन बसू.

हातानं घडवलेलं एक पातं घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरू की १९६० च्या सुमारास ते १ रुपयाला होतं आणि महागाईच्या बरोबरीनं आज ९५ ला आहे. घेणारा म्हणतो, रास्त आहे, महागाईएवढंच वाढलं. पण घडवणाऱ्याच्या घरात काय झालं? तेव्हा १ रुपया म्हणजे शेतमजुराच्या एका दिवसाहून किंचित जास्त. आज ९५ रुपये म्हणजे त्याच दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्याला शेजारच्या मजुराच्या बरोबरीनं उभं राहायचं असेल, तर जिथं एक पातं विकून भागायचं तिथं आता तीन विकायला हवीत.

मशीनवाल्याला ते जमतं, तो तीनच्या जागी तीनशे काढतो. भट्टीवर काय करणार? भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आला, घासायला ग्राइंडर आला, पाट्याचं तयार पोलाद आलं. त्यानं थोडं साधलं. पण घण घालणाऱ्या हाताला किती वेग येणार? न्हाव्याच्या दुकानात केस कापायला साठ वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आज लागतो, म्हणून केस कापण्याचा भाव मजुरीबरोबर वाढत गेला. ते काम चीनमधून मागवता येत नाही. खुरपं मागवता येतं. म्हणून न्हावी भाव वाढवू शकतो, घिसाडी नाही.

घिसाडी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पाल उचलायचं, पुढच्या बाजाराच्या गावी टाकायचं. सोमवारी बेल्हे, मग दुसरं गाव. या फिरण्यात मुलांची शाळा तुटते, हा सगळ्यात मोठा खर्च आणि तो पात्याच्या किमतीत कधीच धरला जात नाही. पुढची पिढी भट्टी सोडून दुसऱ्या कामाला गेली तर आपण "कला लोप पावतेय" म्हणून हळहळतो. मला त्या हळहळण्यात अर्थ वाटत नाही. एका पात्यातून तिसरा हिस्सा रोज सुटत असेल तर शहाणा मुलगा दुसरं काम शोधणारच, आणि शोधावंच.

जाता जाता आणखी एक पातं. साखर कारखानदारीत ऊसतोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. दोन माणसं, पण हिशेबात एक हत्यार. आपल्या तालुक्यातही गळीत हंगामात या टोळ्या उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. हे कसं झालं? संघटना होती, संपाची ताकद होती, कारखाना कुणाशी तरी बोलायला बांधील होता. कोयता चालवणाऱ्यांना एकत्र बसून दर मागता आला. कोयता घडवणारा मात्र एकेका गिऱ्हाइकाशी एकटाच भाव करतो.

तर उत्तर काय?

आता सगळं गोळा करू.

एक. साध्या घडीच्या चाकूनं महागाईशी बरोबरी केली असेल तर १९६० च्या आसपास त्याची किंमत तेरा आण्यांच्या थोडी वर असायला हवी. तुमच्या घरचं उत्तर यापेक्षा जास्त निघालं तर तो स्वस्त झाला, कमी निघालं तर महाग.

दोन. बरोबरी केली असेल तरीही राबणाऱ्या माणसासाठी तो स्वस्तच झालाय, कारण मजुरी किमतींच्या तिपटीनं वाढली. बायांसाठी तर अजूनच.

तीन. त्या स्वस्ताईचा मोठा भाग टिकाऊपणात गेला असण्याची शक्यता आहे. स्वस्त चाकू पाच वेळा घेतला की तो स्वस्त राहत नाही.

चार. आणि घेणाऱ्याला जे स्वस्त पडलं, त्यातला एक हिस्सा घडवणाऱ्याच्या हातून गेलाय. महागाईएवढा भाव मिळणं म्हणजे बाकीचे लोक तिप्पट पुढं गेले असताना जागच्या जागी राहणं.

मी स्वतः बाजारात काय करतो तेही सांगतो. प्लास्टिकच्या मुठीच्या चाकूवर मी भाव करतो, तिथं दहा-वीस रुपये इकडंतिकडं झाले तर विकणाऱ्याच्या पलीकडं एक मोठा कारखाना आहे. भट्टीवरच्या खुरप्यावर करत नाही. दया म्हणून नाही. ट्रकच्या पाट्याचं, पाणी दिलेलं, पाच पावसाळे टिकणारं पातं अर्ध्या रोजाच्या आत मिळत असेल तर तो सौदा माझ्या फायद्याचाच आहे, हे मला हिशेबानं कळलंय. हल्ली काही भट्ट्यांवर क्यूआर कोडही लावलेला असतो, त्यामुळं सुट्टे नाहीत हे कारणही उरलं नाही.

तुमच्या घरी जुना चाकू, अडकित्ता, विळी असेल तर या आठवड्यात दोन प्रश्न विचारा आणि उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा: केवढ्याला घेतला होता, आणि तेव्हा रोज किती होता? गावाचं नाव आणि साधारण साल सांगायला विसरू नका. पुरेशी उत्तरं जमली तर पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच आकड्यांवर बोलू.

तोवर, धार जपून. भेटू पुढच्या भागात.